शिआनमध्ये तीन दिवस: आधी आरक्षण, मग नकाशा

चीनमधल्या शिआनला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात आणि बघायच्या जागांची यादी करतात. या शहरासाठी हा क्रम उलटा ठेवावा. मातीच्या सैनिकांचं संग्रहालय आणि शान्शी इतिहास संग्रहालय, या दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळतो तो पासपोर्ट क्रमांकावर आणि ठरावीक दिवसाच्या, ठरावीक वेळेच्या आरक्षणावर. नियोजन करायचं ते या दोन आरक्षणांपासून. ती ज्या दिवसाची मिळतील, त्यांच्याभोवती बाकीचं सगळं बसवायचं. बाकीचं बऱ्यापैकी लवचिक असतं.

किती दिवस हवेत? माझं मत ठाम आहे: पूर्ण तीन दिवस आणि येण्या-जाण्याचे वेगळे. दोन दिवसांत मातीचे सैनिक, तटबंदी आणि खाऊगल्ली उरकता येते, पण मग ज्या गोष्टीसाठी मराठी माणसाने शिआनला जावं असं मला मनापासून वाटतं, तीच सुटते. ती म्हणजे शहराच्या दक्षिणेचा थोरला हंस पॅगोडा, म्हणजे उंच बौद्ध मनोरा. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या, इथल्या माणसांबद्दल आणि चालुक्य राजा पुलकेशीबद्दल लिहून ठेवणाऱ्या चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांगचं हे कामाचं ठिकाण. शाळेत आपण त्याला ह्यूएनत्संग म्हणूनही वाचलेलं असतं.

कधी जावं

एप्रिल ते मेचा मध्य, किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या आसपास जातो आणि संग्रहालयांत शाळकरी मुलांच्या सुट्टीची गर्दी असते. सप्टेंबरमध्ये इथे सलग रिपरिप पाऊस लागतो, त्यामुळे ‘पावसाळा संपला’ या आपल्या हिशेबाने तिकीट काढू नका. हिवाळा कोरडा आणि शून्याखाली जाणारा. हवा धुरकट असते, पण गर्दी कमी.

काही दिवस मात्र कटाक्षाने टाळायचे: १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, १ मेच्या आसपासची सुट्टी आणि चांद्र नववर्षाचे दिवस. या काळात अख्खा देश प्रवासात असतो. आगगाडीची तिकिटं आणि संग्रहालयांची आरक्षणं दोन्ही मिळेनाशी होतात, हॉटेलं महागतात.

सगळ्या चीनमध्ये एकच प्रमाणवेळ आहे, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. शिआन बरंच पश्चिमेला असल्यामुळे तिथे उजाडतंही उशिरा आणि मावळतंही उशिरा. जानेवारीत सकाळी साडेसातला अंधार असू शकतो. जूनमध्ये रात्री आठच्या सुमाराला संधिप्रकाश असतो, त्यामुळे संध्याकाळी तटबंदीवर भरपूर वेळ मिळतो.

व्हिसा आणि पोहोचायचं कसं

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढून जावं लागतं. चीनमधून तिसऱ्या देशात जाणाऱ्यांना २४० तास व्हिसाशिवाय राहू देणारी जी सवलत आहे, तिच्या यादीत भारत नाही. अमेरिकी किंवा इतर पात्र पासपोर्ट असलेल्या आपल्या नातेवाइकांना ती लागू होऊ शकते. त्यामुळे एकाच घरातल्या माणसांचे पासपोर्ट वेगवेगळे असतील तर प्रत्येकाचं स्वतंत्र बघा. व्हिसाच्या अर्जाला जाण्या-येण्याची तिकिटं आणि राहण्याची आरक्षणं जोडावी लागतात, म्हणून सुरुवातीला रद्द करता येणारं हॉटेल धरणं सोयीचं.

भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पहिलं विमान कोलकात्याहून ग्वांगझोऊला गेलं. महाराष्ट्रातून निघणाऱ्यांना शिआनसाठी साधारणपणे कुठे तरी विमान बदलावं लागतं: हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर, किंवा चीनमधलंच एखादं मोठं शहर. आधी बीजिंग बघून जाणार असाल तर तिथून शिआनला विमानाने न जाता वेगवान आगगाडीने जा. साधारण १,२०० किलोमीटरचं अंतर साडेचार ते सहा तासांत कापलं जातं. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, त्यामुळे घरून नेलेला झटपट उपमा किंवा पोहे तिथेच तयार होतात.

आगगाडीच्या बाजूने आणखी एक कारण आहे. जून २०२५ च्या अखेरीपासून चीनच्या अंतर्गत विमानांत तिथल्या ‘थ्री-सी’ प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडे घेतलेल्या पॉवर बँकवर ही खूण बहुधा नसते, आणि ती विमानतळावर तपासणीत काढून घेतली जाते. आगगाडीला हा नियम नाही.

आगगाडीचं तिकीट पासपोर्टवर निघतं आणि पासपोर्ट हेच तिकीट. विक्री साधारण १५ दिवस आधी खुली होते. तिकीट काढताना स्थानकाचं नाव ‘शिआन उत्तर’ आहे ना, ते तपासा. वेगवान गाड्या मुख्यतः तिथूनच सुटतात आणि तटबंदीजवळचं जुनं ‘शिआन’ स्थानक वेगळं आहे. विमानाने आलात तर मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका विमानतळावरून शिआन उत्तरला येते. तिथे २ क्रमांकाची मार्गिका पकडली की सरळ दक्षिणेला, शहराच्या मध्यावरच्या घंटा मनोऱ्यापाशी उतरता येतं.

फोनमध्ये काय हवं

ही तयारी घरीच करा, तिथे गेल्यावर जड जाते. व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, इन्स्टाग्राम चिनी इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा बाहेरच्या देशातल्या कंपनीचं प्रवासी ई-सिम घेतलं तर ते चालतात. हॉटेलच्या वायफायवर मात्र बंदच. गूगलचा नकाशा चालला तरी तिथे भरवशाचा नाही. ‘अ‍ॅमॅप’ हे स्थानिक नकाशाचं अ‍ॅप टाकून घ्या. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा.

पैसे देण्यासाठी अलिपे हे चिनी अ‍ॅप, आणि जोडीला वीचॅट. दोन्हींना आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं. पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवावी लागते आणि बँकेचा ओटीपी येतो, म्हणून हे भारतात असतानाच उरकायचं. बँकेला सांगून कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या. २०० युआनपर्यंतच्या (युआन हे तिथलं चलन) व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के लागतात. रस्त्यावरच्या भाजलेल्या रताळ्याचे पैसेसुद्धा क्यूआर कोडने देतात, या बाबतीत आपल्याला काही नवीन वाटायचं नाही. तरी थोडी रोकड जवळ असू द्या.

पासपोर्ट मूळचाच, रोज, खिशात. फोटो किंवा झेरॉक्स दारावर चालत नाही.

राहायचं कुठे

तटबंदीच्या आत, घंटा मनोरा ते दक्षिण दरवाजा या पट्ट्यात. चोंगलोउ (घंटा मनोरा) किंवा युंगनिंगमन (दक्षिण दरवाजा) या मेट्रो स्थानकांपासून चालत जाता येईल असं काहीही चांगलं. हॉटेल परदेशी पाहुणे घेतं याची आरक्षणाआधी खात्री करा. पासपोर्टची पोलिसांकडे नोंद हॉटेलच करतं. ओळखीच्या कुणाच्या घरी उतरलात तर ती नोंद २४ तासांच्या आत तुम्हाला करावी लागते.

पहिला दिवस: तटबंदीच्या आत

प्रवासाच्या थकव्यानंतर पहिला दिवस जवळच्या, तुलनेने सहज बघता येणाऱ्या गोष्टींना द्यावा. सकाळी दक्षिण दरवाज्याच्या आत असलेलं शिलालेखांचं संग्रहालय बघा, बेईलिन नावाचं. १०८७ साली सुरू झालेला हा संग्रह म्हणजे दगडात कोरलेलं ग्रंथालय आहे. कन्फ्यूशियस परंपरेचे ग्रंथ नकलताना चुका होऊ नयेत म्हणून ८३७ साली पूर्ण केलेला शिळांचा अख्खा संच इथे उभा आहे. याच संग्रहात ७८१ सालची एक शिळा आहे. चीनमध्ये ख्रिस्ती धर्म कसा आला ते तिच्यावर चिनी आणि सीरियाक (पश्चिम आशियातल्या ख्रिस्त्यांची जुनी भाषा) अशा दोन लिपींत लिहिलंय. चिनी वाचता येत नसलं तरी या शिळेपाशी थांबा. त्या काळी या शहरात कुठकुठली माणसं नांदत होती, ते तिथे कळतं.

दुपारनंतर तटबंदी. मिंग काळात, १३७० च्या दशकात बांधलेला हा तट जवळपास १४ किलोमीटरचा आहे, उंची १२ मीटर, आणि माथा एवढा रुंद की दोन मोटारी आरामात शेजारून जातील. वर सायकली भाड्याने मिळतात, अनामत ठेवावी लागते. पूर्ण फेरीला दीड-दोन तास लागतात. विटांची फरसबंदी खडबडीत आहे, पाठीचा त्रास असलेल्यांनी दक्षिण दरवाज्यापासून थोडं चालून परत यावं. ऊन उतरल्यावर चढा, म्हणजे फेरी संपेपर्यंत दरवाज्यांवरचे दिवे लागलेले असतात.

वर असताना एक गोष्ट लक्षात ठेवा. हा तट प्रचंड वाटतो, पण तांग राजवटीतलं (सातवं ते दहावं शतक) चांगआन, म्हणजे याच शहराचं जुनं रूप, याच्या सातपट मोठं होतं. सुमारे ८४ चौरस किलोमीटर. आज तटाबाहेर दूर दक्षिणेला दिसणारा हंस पॅगोडा तेव्हा शहराच्या आत होता.

संध्याकाळी घंटा मनोरा (१३८४) आणि नगारा मनोरा (१३८०) बाहेरूनच बघितले तरी चालतील. नगारा मनोऱ्याच्या मागे ह्वे, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांची वस्ती सुरू होते. मुख्य रस्ता गर्दीचा आणि पर्यटकांसाठी सजवलेला आहे. खाण्यासाठी बाजूच्या गल्ल्यांत शिरा. इथली मोठी मशीद मात्र शक्यतो तटावर चढण्याआधी, उजेडी बघावी. परंपरेने तिची स्थापना ७४२ सालची मानतात, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळापासूनच्या. घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागून एक चौक, कौलारू लाकडी मंडप, आणि बांगेचा मनोरा म्हणजे चिनी धाटणीची लाकडी माडी. मुख्य प्रार्थनागृहात मुसलमानेतरांना प्रवेश नाही, पण सगळे चौक निवांत बघता येतात.

शाकाहारी आणि मांसाहारी, दोघांसाठी

शिआन हे गव्हाचं शहर आहे. त्यामुळे पोळीवर वाढलेल्या माणसाचं इथे भाताच्या मुलखापेक्षा बरं चालतं.

मांसाहार करणाऱ्यांनी फाओमो खावं. दुकानदार वाडग्यात जाड, घट्ट रोटी देतो. ती आपण स्वतः वाटाण्याएवढी बारीक कुस्करायची आणि वाडगा परत स्वयंपाकघरात द्यायचा. मग ती मटणाच्या रश्श्यात शिजून येते. घाईने मोठे तुकडे केलेत तर रस्सा आत मुरत नाही. मात्र हे दोन प्रकारांत मिळतं. ‘यांग’ म्हणजे बकरी-मेंढी, ‘न्यू’ म्हणजे गाय-बैल. गोमांस टाळत असाल तर मागवण्यापूर्वी शब्द नीट ऐका. रोउज्यामो या भरलेल्या रोटीत शहरात इतरत्र सहसा डुकराचं मांस असतं, मुस्लीम वस्तीत गोमांस किंवा मेंढीचं.

शाकाहाऱ्यांसाठी पहिला भरवसा ल्यांगफी: थंड, मऊ, रुंद शेवया, काकडी, व्हिनेगर आणि तिखट तेल. दुसरा योउफोम्येन, म्हणजे हाताने ताणलेल्या रुंद शेवयांवर तिखट-लसूण घालून वरून कडकडीत तेलाची फोडणी. फोडणीचा तो चर्र आवाज ऐकून घरची आठवण येते. सांगताना फक्त ‘मांस नको’ म्हणू नका, रस्सा आणि खिमाही नको हे सांगा. ‘मी शाकाहारी आहे, मांस, मासे, अंडं, मांसाचा रस्सा, प्राण्याची चरबी चालत नाही’ हे वाक्य चिनी लिपीत फोनवर जपून ठेवा आणि दाखवा. तोंडी सांगायचं तर ‘वो छ्र सू’.

जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बौद्ध शाकाहारी भोजनालयं शोधावीत. चिनी बौद्ध परंपरेत कांदा, लसूण आणि त्यांची भावंडं वर्ज्य आहेत, त्यामुळे तिथे वेगळं समजावत बसावं लागत नाही. कंदमुळांचा मुद्दा मात्र तिथेही सांगावा लागेल. घरून खाकरा, चटण्या, भाजणी न्या. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नका, सीमाशुल्क तपासणीत त्यांना मनाई आहे. नळाचं पाणी पिऊ नये. हॉटेलच्या खोलीत किटली असते.

दुसरा दिवस: मातीचे सैनिक

मार्च १९७४ मध्ये शिआनच्या पूर्वेला लिंतोंगजवळ शेतकरी विहीर खणत होते. खाली मातीची माणसं लागली. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एकत्र करणाऱ्या छिन शृह्वांग सम्राटाच्या समाधीची ही राखणदार फौज. एकूण आकृत्या सुमारे ८,००० असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यातल्या बऱ्याच अजून मातीखाली आहेत.

जागा शहराच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर. स्वस्त आणि खात्रीचा रस्ता असा: मेट्रोची १ क्रमांकाची मार्गिका पूर्वेच्या फांगचृछंगपर्यंत, तिथे ९ क्रमांकाच्या मार्गिकेत बदल, ह्वाछिंगछृ स्थानकावर उतरणं, आणि पुढे स्थानिक बस किंवा टॅक्सी. हॉटेलातून निघून संग्रहालयाच्या दारात पोहोचेपर्यंत दोन तास धरा. स्थानकाबाहेर ‘चला, सोडतो, स्वस्तात फिरवतो’ म्हणणाऱ्यांबरोबर जाऊ नका, त्यांच्या वाटेत दुकानं लागतात. आरक्षण शक्य तेवढ्या लवकरच्या सकाळच्या वेळेचं घ्या, म्हणजे सहलींच्या बसगाड्या येण्याआधी तुम्ही आत असता.

सैनिक सापडलेले तीन खंदक आहेत, आत गेल्यावर सगळे आधी पहिल्याकडे धावतात. मी उलट क्रम सुचवेन: तिसरा, दुसरा, मग पहिला. तिसरा सगळ्यात लहान, सेनापतींचं ठाणं. दुसऱ्यात बराच भाग अजून न उकरलेला, मातीच्या लाटांसारखा, कारण वरचं लाकडी छत कोसळून तशीच दबलेली माती आहे. याच दालनात गुडघ्यावर बसलेला धनुर्धारी काचेमागे अगदी जवळून बघता येतो. त्याच्या पादत्राणाच्या तळव्यावरची शिवणसुद्धा कोरलेली आहे. हे डोळ्यांत भरल्यावर २३० मीटर लांबीचा पहिला खंदक बघितला की प्रत्येक चेहरा वेगळा का दिसतो ते कळायला लागतं.

पहिल्या खंदकात पुढच्या कठड्यापाशी पाच मिनिटं रेटारेटी सहन करून मग बाजूने मागे चालत जा. मागच्या भागात तुकडे जोडून सैनिक उभे करण्याचं काम चालतं आणि माझ्या मते सगळ्यात बघण्यासारखं तेच आहे. हे सैनिक मुळात रंगीत होते. रंगाखालचा लाखेचा थर हवा लागताच काही मिनिटांत सुकून गुंडाळतो आणि रंग गळून पडतो. समाधीची मुख्य टेकडी अजून उघडलेली नाही, त्यामागे अशी कारणं आहेत.

तिकीट १२० युआनचं. त्यातच लीशान उद्यान येतं, जिथे समाधीची टेकडी आहे. मोफत बस जाते. पुष्कळ लोक इथवर येऊन ते सोडून देतात. १९८० मध्ये सापडलेले निम्म्या आकाराचे ब्राँझचे दोन रथ आता त्याच उद्यानातल्या संग्रहालयात आहेत. घोड्यांच्या लगामाचे सांधे आणि छत्रीची यंत्रणा बघायला अर्धा तास राखून ठेवा.

परतताना ह्वाछिंग महालात शिरायचं का? गरम पाण्याचे झरे, तांग सम्राट श्वानझोंग आणि यांग क्वेईफेईची प्रेमकथा, आणि डिसेंबर १९३६ मध्ये चीनचा तेव्हाचा राष्ट्रवादी नेता च्यांग कै-शेकला त्याच्याच सेनानींनी जिथे पकडलं ती जागा. इतिहासाची आवड असेल तर जा, नाही तर पाय थकलेले असतात.

तिसरा दिवस: युआन श्वांगच्या मागावर

सकाळी शान्शी इतिहास संग्रहालय, आरक्षण मिळालं असेल तर. सोमवारी बंद. प्रवेश मोफत आहे, म्हणूनच आरक्षण सुटल्या सुटल्या संपतं. तांग काळच्या थडग्यांमधल्या भित्तिचित्रांचं दालन वेगळ्या तिकिटाचं आहे. अजिंठा बघितलेल्या माणसाने ते पैसे जरूर खर्च करावेत. आरक्षण नाही मिळालं तर धाकट्या हंस पॅगोड्याच्या आवारातलं शिआन संग्रहालय बघा, मंगळवारी बंद असतं. तिथे गर्दी कमी, झाडं जुनी. समुद्रमार्गे नालंदाला जाऊन आलेल्या चिनी भिक्षू इत्सिंगचं नाव या पॅगोड्याशी जोडलेलं आहे. १५५६ च्या भयंकर भूकंपात याचे वरचे दोन मजले कोसळले, ते पुन्हा बांधलेले नाहीत. पंधराचे तेरा उरलेत.

दुपारी दायान्था मेट्रो स्थानक, आणि थोरला हंस पॅगोडा. युआन श्वांग ६४५ साली भारतातून परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. ते सुरक्षित ठेवण्यासाठी ६५२ साली हा पॅगोडा उभा राहिला. नंतर त्याची पुनर्बांधणी झाली, आज तो सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे. आवाराचं आणि वर चढायचं अशी दोन तिकिटं असतात. गुडघे साथ देत नसतील तर वर जाऊ नका. खालीच दक्षिण दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना ६५३ सालच्या दोन शिळा आहेत. युआन श्वांगच्या भाषांतरांना ताय्झोंग आणि गाओझोंग या सम्राटांनी लिहिलेल्या प्रस्तावना त्यांवर कोरलेल्या आहेत. जिन्याच्या रांगेत उभी असलेली माणसं त्यांच्याकडे पाहतही नाहीत.

जाण्यापूर्वी त्याच्या प्रवासवर्णनातला महाराष्ट्राचा भाग वाचून जा. तो लिहितो की इथले लोक स्वाभिमानी आहेत, उपकाराला जागतात आणि अपमान झाला तर सोडत नाहीत. हर्षवर्धनाची सत्ता एवढी पसरली, पण या लोकांना तो नमवू शकला नाही, हेही त्यानेच नोंदवलंय. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं त्याने वर्णन केलंय, ते अजिंठ्याचं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. हे वाचलेलं असेल तर त्या आवारात तुम्ही निव्वळ पर्यटक राहत नाही.

अंधार पडल्यावर पॅगोड्याच्या दक्षिणेचा पादचारी रस्ता रोषणाईने भरून जातो आणि तांग काळचे पोशाख भाड्याने घेतलेल्या मुलींची फोटोंसाठी गर्दी उसळते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आवडेल.

निघायच्या दिवशी

विमान किंवा गाडी संध्याकाळची असेल तर अर्धा दिवस हाताशी राहतो. दोन पर्याय आहेत. विमानतळाच्या वाटेवर हान राजवटीतल्या जिंग सम्राटाची समाधी आहे, हान यांगलिंग. जमिनीखालच्या दालनात काचेवरून चालत खालचे खंदक बघायचे. इथले मातीचे पुतळे हातभर उंचीचे आहेत, बरोबर गायी, डुकरं, कुत्रे, कोंबड्या असा सगळा गोठा. गर्दी नसते. सामान टॅक्सीत घेऊन निघालात तर तिथून थेट विमानतळ गाठता येतो.

दुसरा पर्याय उलट दिशेचा, शहराच्या दक्षिणेला टेकडीवरचं शिंगज्याओ मंदिर. ६६४ साली वारलेल्या युआन श्वांगच्या अस्थी ६६९ मध्ये इथे आणल्या. विटांचे तीन पॅगोडे आहेत, मधला त्याचा, दोन्ही बाजूंना शिष्य क्वेईजी आणि कोरियाहून आलेला वोन्च्युक. टॅक्सीनेच जावं आणि तीच थांबवून ठेवावी, कारण परतीची तिथे सहज मिळत नाही. आधीच्या दिवशी पॅगोड्यापाशी मन रमलं असेल तर हान यांगलिंग सोडा आणि इथे या. गाडी शिआन उत्तरहून असेल तर शहर ओलांडायला दीड तास आणि स्थानकातल्या तपासणीला पाऊण तास धरून मंदिरातून निघा. सुटायच्या काही मिनिटं आधीच फलाटाची दारं बंद होतात.